दामोदर पाद्र्यांचा धाकटा

"थांबा, थांबा, फोटो राहिलाच की!" व्याख्यान आटोपता आटोपता प्रबोध म्हणाला, आणि ढोकळ्याच्या वासाने उठू पाहणारी परदेशातल्या मराठी मंडळाची चाळीस माणसं मुकाट पुन्हा खुर्चीत बसली.

शेवटच्या रांगेत चंद्रशेखर कोळथरकरांचं पित्त खवळलं. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये त्यांनी स्वतः खपून तयार केलेल्या कोळथरकर कुलवृत्तांतावर व्याख्यान दिलं होतं. बारा पिढ्या, सातशे अकरा नावं. तेव्हा माणसं उठली ती उठलीच. चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या या गृहस्थाला अभिमान वाटावा अशी आयुष्यात एवढी एकच गोष्ट होती, आणि तीही ढोकळ्यापुढे हरली होती.

पडद्यावर पागोटं आणि लांब काळा कोट घातलेले एक करारी गृहस्थ आले. रेव्हरंड दामोदर, प्रबोधचे खापरपणजोबा. पेशवाई बुडून पंचवीस वर्षं होतात न होतात तोच अठराव्या वर्षी नगरला बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मणाचा पोर, पुढे पाद्री झालेला. त्यांची मोडीतली रोजनिशी प्रबोधच्या वडिलांनी, विश्वासरावांनी, निवृत्तीनंतर चार वर्षं बसून देवनागरीत उतरवली होती. भारतातून लेकाकडे आलेले विश्वासराव स्वतः उठून उभे राहिले.

"एकच खंत आहे," ते म्हणाले. "आडनाव, गाव, बापाचं नाव, पाद्र्यांनी काहीच लिहिलं नाही. कोणाला माग लागला तर सांगा. माझा व्हिजिट पास पुढच्या रविवारी संपतोय. पुन्हा येणं या वयात काही खरं नाही."

टाळ्या थांबेचनात. शेजारी बसलेली ऋचा, चंद्रशेखरांची लेक, इथल्या पोरांच्या ढंगात कुजबुजली, "सो इंटरेस्टिंग, बाबा! तुमचं बुक फोन डिरेक्टरीसारखं आहे, लाह."

निघताना चंद्रशेखरांनी गोड हसून रोजनिशीची प्रत मागून घेतली. "वाचतो जरा निवांत."

"अवश्य, शेखरदादा! तुमच्याएवढं यातलं कोणाला कळतंय?" प्रबोध म्हणाला. तो मनापासून म्हणाला, हेच चंद्रशेखरांना जास्त झोंबलं.

"जळताय तुम्ही," घरी आल्यावर त्यांची बायको मीनल म्हणाली.

"मी तपासणार आहे. पाद्री तिथ्या टाकतो. एक जरी शकाशी जुळली नाही तरी सगळं पितळ उघडं."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमधल्या खाऊगाड्यांपुढच्या टेबलावर, त्यांनी प्रत उघडली. चुका शोधण्यात हयात गेलेली नजर ती. सोळाव्या पानावर ती अडकली.

'वैशाख वद्य नवमी, शके १७६५. आज घरच्यांनी माझा दर्भाचा पुतळा करून दहन केले. मी आता त्यांच्या लेखी मेलो.'

ही तिथी त्यांनी स्वतःच्या हाताने टाइप केलेली होती. कुलवृत्तांत, पान एकशे चार: दामोदर, अल्पवयात मृत, वैशाख वद्य नवमी, शके १७६५. खाली त्याचा धाकटा भाऊ महादेव. भिक्षुकी, मुक्काम पारनेर, मुलगे तीन. हा महादेव म्हणजे चंद्रशेखरांचा खापरपणजोबा.

समोरचा भात निवत गेला. त्यांनी पुढचं वाचलं.

'परवा माझे वर्षश्राद्ध झाले. धाकटा दोन दिवस चालून लपत आला. माझ्याच श्राद्धाचे वडे आईने फडक्यात बांधून दिले होते. शिळे होते. एका पानात बसून दोघांनी खाल्ले. त्याचे नाव लिहीत नाही. वही कोणाच्या हाती पडली तर त्यालाही वाळीत टाकतील.'

असं अकरा वर्षं. दरवर्षी धाकटा, दरवर्षी वडे, आणि नाव कुठेच नाही.

चंद्रशेखरांना आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट. सातशे अकरा नावांत एकही माणूस चालत नव्हता, जेवत नव्हता, कोणासाठी जीव टाकत नव्हता. आणि त्यांचा सख्खा खापरपणजोबा कुठे जिवंत होता, तर प्रबोधच्या घरच्या वहीत! शिवाय तोंड उघडायचं तर मंडळासमोर मिरवलेल्या ग्रंथात जिता माणूस मेलेला दाखवलाय, हे कबूल करायचं. आपण बोललो नाही तर कोणाला कळणार आहे, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मंगळवार गेला, बुध गेला. त्याच ऑफिसात असलेल्या प्रबोधने दोनदा विचारलं, "काही सापडलं का?" दोन्ही वेळा ते "बघतोय" म्हणाले आणि दोन्ही वेळा त्यांना स्वतःची लाज वाटली.

शनिवारी दुपारी ते बुकित बातोकला प्रबोधच्या फ्लॅटवर गेले. विश्वासराव बॅग भरत होते. चंद्रशेखरांनी कुलवृत्तांत काढून पान एकशे चार त्यांच्यापुढे धरलं. म्हाताऱ्याने चष्मा चढवला, वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"पारनेर," ते हळूच म्हणाले. "आयुष्यभर त्या रस्त्याने एसटीने जात होतो मी." मग त्यांनी रोजनिशी उघडली आणि 'धाकटा' या शब्दाशेजारी पेन्सिलीने, शाळामास्तरच्या वळणदार अक्षरात, 'महादेव' असं लिहिलं.

"मला सोमवारीच कळलं होतं, काका," चंद्रशेखर म्हणाले. "तो दोन दिवस पायी जायचा. माझा एमआरटीच्या गाडीने तासाभराचा रस्ता, आणि मला पाच दिवस लागले. हेवा वाटला हो मला तुमचा."

प्रबोध काहीतरी बोलणार होता. विश्वासरावांनी त्याला हातानेच थांबवलं.

"आलात ना," ते म्हणाले.

चंद्रशेखरांनी खिशातलं पेन काढून 'अल्पवयात मृत' यावर सरळ रेघ मारली. दामोदरच्या नावाखाली जागा बोटभरही नव्हती. छापतानाच तिथे वंश संपवलेला होता. त्यांनी प्रबोधकडे कोरा कागद मागितला, तो पानाला जोडून धरला आणि वर लिहिलं, 'दामोदर यांची मुले'.

"हं, काका," ते म्हणाले. "थोरल्यापासून सांगा. सावकाश."