एफीची शंभरी

मित्रांनो, वाचनालयात नकाशांच्या कपाटामागे हिरवं कापड पांघरून बसलेलं जे धूड दिसतं, ते मीच. मायक्रोफिल्म वाचायचं यंत्र. पूर्वी माझ्यापुढे लोक रांग लावायचे, आता माझ्या डोक्यावर ओल्या छत्र्या ठेवतात. म्हातारपणी एवढी कुरकुर चालायचीच.

माझा जन्म ग्लासगोच्या एका कारखान्यात झाला. पोटात दिवा, त्यावर भिंग, समोर पांढरा पडदा आणि बाजूला रीळ फिरवायचं हँडल, एवढाच माझा संसार. पुढे मला उत्तरेकडच्या या मच्छीमार गावात आणलं. इथल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींचे फोटो फिल्मच्या रिळांवर उतरवले होते. हँडल फिरवलं, की कुणाचा तरी पणजोबा पडद्यावर हजर. कॅनडाहून आलेली माणसंसुद्धा माझ्यासमोर बसून रडली आहेत. माझी फार वाहवा व्हायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची.

पण जन्माची रिळं झिजून गेली आणि मृत्यूची तशीच कोरी करकरीत राहिली. नाव सापडलं, की लोक खुशीत घरी जायचे. मर्डो बुकनही तसाच गेला.

मर्डोची आत्या युफेमिया, घरातली एफी, वृद्धाश्रमात राहायची. वय अठ्ठ्याण्णव. मर्डोला माझ्या पडद्यावर युफेमिया बुकनचा जन्म सापडला, आणि त्या हिशेबाने येत्या शनिवारी आत्याला शंभर वर्षं पूर्ण होत होती. "आत्यानं वय चोरलं ते चोरलंच, वर तारीखही बदलली," असं तो गावभर हसत सांगत सुटला. नगराध्यक्षांना आमंत्रण गेलं, वाढदिवसाला कापडात बांधून उकडायच्या गोड डंपलिंगसाठी मनुका आल्या.

एफी म्हणाली, "ती मी नव्हे. माझ्याआधीची कुणी असणार." पण अशा मुलीचं नाव घरात कुणी कधी काढलंच नव्हतं, त्यामुळे कुणी तिचं ऐकेना. जन्मभर ताठ मानेने जगलेली म्हातारी एका दिवसात खोटारडी ठरली. तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि जेवणाचं ताट परत पाठवायला लागली.

तेव्हा तिची मुलगी एल्स्पेट मर्डोला जवळजवळ ओढतच माझ्याकडे घेऊन आली.

"आई कधी खोटं बोलत नाही," ती म्हणाली.

"वयाचं खोटं बायका खोट्यात धरत नाहीत. नोंद आहे, आजोबांची सही आहे. आणखी काय हवं तुला?"

"मेलेल्यांचं रीळ बघितलंस?"

"जिवंत बाईला मेलेल्यांत कशाला शोधू?"

"तू हो बाजूला."

घाईत तिने रीळ उलटं लावलं, मग सुलटं केलं. बुडालेले खलाशी, बाळंतपणात गेलेल्या बाया पुढे सरकत राहिल्या. मग हँडल थांबलं. युफेमिया बुकन, वय अकरा महिने. डांग्या खोकला. खाली बापाची सही. जन्माच्या नोंदीत हीच सही चौकटीबाहेर धावली होती, इथे आडनाव अर्ध्यावरच सुटलं होतं. मला फार वाईट वाटलं.

मर्डोने जन्माचं रीळ पुन्हा लावलं आणि पुढे नेलं. मृत्यूच्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तेच नाव, तेच आईबाप. थोरली गेली तेव्हा धाकटी पोटात होती.

आमच्याकडे पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात. ती मुलगी गेली, तर पुढचीने ते नाव उचलायचं, कारण आजीचं नाव घरातून जाता कामा नये. मर्डोला हे लहानपणापासून ठाऊक होतं. आपल्याच घरात तसं झालं असेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांनी एफीला चाकाच्या खुर्चीतून आणलं. मर्डोने टोपी काढली. "आत्या, चुकलो मी."

"ते राहू दे. मोठ्यानं वाच."

त्याने वाचलं. एफीने पडद्यावरच्या नावावर बोट टेकवलं. "आई मला हाक मारताना मध्येच थांबायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझंच काही चुकलं."

एल्स्पेटने तिचा हात हातात घेतला. मर्डो चाचरत म्हणाला, "मग शनिवारचं काय करू? नगराध्यक्षांना नको म्हणून कळवू?"

"का म्हणून? शंभर तिला झालीच की. कर ते डंपलिंग. मेणबत्ती मात्र एकच लाव. पहिला वाढदिवस राहून गेलाय पोरीचा."

मित्रांनो, माझ्या डोक्यावर छत्र्या ठेवा, माझी हरकत नाही. पण ती रिळं ओलीत टाकू नका. आणि जन्माची नोंद सापडली, की लगेच खुर्ची सोडू नका. दुसरंही रीळ लावा. वर्षही पुरं न झालेलं कुणीतरी तिथे आपलं नाव धरून बसलेलं असतं, आणि त्याला हाक मारायला घरात कुणी उरलेलं नसतं.