दोष आढळला नाही

गच्चीवर शंभरएक माणसं दाटीवाटीने उभी होती आणि सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या पेटीच्या दोन हिरव्या दिव्यांना चिकटले होते. मधोमध माझी धाकटी बहीण, मान खाली घालून. तिच्यासमोर मौनस्वामी. स्वामी नावालाच मौनी. त्यांच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की जेवायलाच काय तो थांबायचा.

"विश्वात बारा नाद आहेत!" स्वामी गरजले. "अकरा माझ्या मुठीत. बारावा या बाईच्या जिभेवर बसलाय, आणि तो विषारी आहे!"

त्यांनी आपली नादवीणा ढकलत पुढे आणली. वीणा कसली, चाकांच्या स्टँडवर बसवलेलं एक भलंमोठं लाकडी कडं. त्यात पोलादी तारा ताणलेल्या, करंगळी शिरणार नाही इतक्या जवळजवळ. कडं फिरवून स्वामींनी तारा उभ्या केल्या, त्यांवरून सावकाश नखं ओढली. घूंऽऽ असा आवाज गच्चीभर पसरला.

"आता बोल!"

"काय बोलू?" धाकटी म्हणाली. एवढंच.

डावा दिवा लाल झाला.

"बघा!" स्वामी उसळले. "दवाखान्याचीच लाइन गेली. बाजाराचा दिवा हिरवाच. नाद बरोबर ओळखतो, जीभ कुठली आहे ते!"

बायकांनी तोंडावर हात धरले. पुढेच उभ्या असलेल्या बाजारातल्या घड्याळवाल्या काकांनी हात जोडून डोळे मिटले. धाकटीचा नवरा माझ्या शेजारी होता. "ताई, आता तुम्हीच सांगा, डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं?" तो कुजबुजला. निकाल तिथेच लागला. चाळीस दिवस तिने स्वामींच्या घरात, एका खोलीत, तोंड मिटून राहायचं. चाळिसाव्या दिवशी पुन्हा परीक्षा. दिवा पुन्हा लाल झाला, तर वर्षभर तिथेच.

मी गप्प बसले, कारण माझं तोंड माझ्याच सहीने बांधलेलं होतं. ते असं.

आमच्या गावाला चहूबाजूंनी डोंगर. बाहेरच्या जगाशी बोलायची वाट एकच, त्या गच्चीवरची परातीएवढी पांढरी डिश. समोरच्या डोंगरावर तिची जोडीदारीण बसवलेली आहे आणि दोघी एकमेकींकडे नजर रोखून असतात. गावातलं सर्वांत उंच घर म्हणून कंपनीने ती गच्ची, स्वामी त्या घरात राहायला येण्याच्या कितीतरी आधी, भाड्याने घेतली होती. त्या डिशची देखभाल माझ्याकडे. डिश एक, पण तिच्यातून वाटा दोन. लहर वरखाली थरथरली तर ती उभी वाट, डावीउजवी थरथरली तर आडवी. दोघी एकाच हवेतून जातात आणि एकमेकींच्या पायात येत नाहीत. उभ्या वाटेवर दवाखाना, आडवीवर बाजार. पेटीवर दोघींचा एकेक दिवा.

धाकटी दवाखान्यात नर्स. स्वामींचं मंतरलेलं पाणी पीत बसलेल्या तापाच्या पोरांना ती हाताला धरून दवाखान्यात आणायची, आणि येता-जाता स्वामींचा उद्धारही करायची. जिभेला हाड नाही तिच्या, लहानपणापासून. मग एके दुपारी एका म्हाताऱ्याला धाप लागली. तिने बाहेरच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, पेशंटला श्वास लागलाय, आणि..." इथे लाइन तुटली. चांगली दहा मिनिटं तुटली. म्हातारा नशिबाने वाचला, दोन दिवसांत उठून बसला. पण लाइन हिच्याच विषारी जिभेने तोडली, असं स्वामींनी गावभर केलं आणि ती मात्र त्यातून उठली नाही.

मी धावत गच्चीवर गेले, तोवर दिवा हिरवा. डिश तपासली, केबल तपासल्या, पेटी उघडून प्रत्येक जोड हलवून पाहिला. समोर काही आडवं आलं असेल का, हाही विचार केला आणि लगेच झटकला. आडोसा असता तर दोन्ही वाटा गेल्या असत्या, आणि बाजार तर चालू होता! मग नेहमीच्या फॉर्मवर नेहमीचं लिहिलं, 'दोष आढळला नाही', आणि सही ठोकली.

स्वामींनी त्या कागदाची प्रत मिळवली आणि फ्रेम करून जिन्यात लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. "सख्ख्या बहिणीने लिहून दिलंय! यंत्रात दोष नाही. मग दोष कुणात?" मी फॉर्म भरला होता आणि त्याची कडी बाहेरून बहिणीच्या दाराला लागली होती.

अडतिसाव्या दिवशी मला तिला भेटू दिलं. भेटू म्हणजे काय, खोलीच्या खिडकीला उभे गज होते, त्यातून बघायचं. ती वाळली होती. बोलायची बंदी म्हणून हातात पाटी.

"धाकटे, हे थोतांड आहे गं," मी म्हटलं. "तू बोल माझ्याशी. कोणी ऐकत नाहीये."

तिने जोरजोरात मान हलवली. पाटीवर लिहिलं, 'कुणीतरी फोनवर असेल.' ते पुसून पुन्हा लिहिलं, 'ताई, तू तरी खोटं लिहिणार नाहीस ना.'

मला रडू फुटलं. मी हात पुढे केला, तशी ती पाटी माझ्याकडे देऊ लागली. आडवी पाटी गजांवर ठक्‌कन अडली. तिने ती उभी केली आणि पाटी सरळ बाहेर आली.

मी ती हातात धरून तशीच उभी राहिले. गज तेच, फट तीच, पाटी तीच. एका अंगाने अडते, दुसऱ्या अंगाने जाते. म्हणजे एकाच वाटेला अडवणारा आडोसा असू शकतो! आणि तो मी गच्चीवर किती वेळा पाहिला होता, चाकांच्या स्टँडवर बसवलेला. त्याच्या आरपार पलीकडचं दिसतं म्हणून मी त्याला आडोसा धरलाच नव्हता. लहरींचा कायदा मात्र पाटीच्या उलट. उभ्या तारांपाशी उभी लहर अडते, तारा तिला आल्या पावली परत पाठवतात, आणि आडवी लहर बिनदिक्कत पार जाते.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये दोन सुट्या डिश समोरासमोर ठेवून मध्ये तारांची चौकट धरली. तारा उभ्या, उभी वाट मेली. तारा आडव्या, आडवी मेली. दहा वेळा केलं. एका फॉर्मने शहाणी झाले होते.

चाळिसाव्या दिवशी गच्ची पुन्हा भरली. डिशपुढची जागा कंपनीने साखळीने बांधून घेतलेली; तिच्या आत माझ्याशिवाय कोणी जायचं नाही असा नियम, आणि वीणा दर वेळी बरोबर साखळीच्या आतच येऊन थांबायची. स्वामी ती ढकलत आणायला लागले. मी हेल्मेट घालून साखळी ओलांडली.

"धाकटे, तोंड उघडू नकोस. सगळ्यांनी दिव्याकडे बघा."

"बाई, नादाचा कोप होईल!"

"होऊ द्या. लाइन तुटल्यावर दिवा लाल व्हायला सात सेकंद लागतात. स्वामी तेवढाच वेळ नखं ओढतात. मोजा."

स्वामींनी वीणा नेहमीच्या जागी आणून तारा उभ्या केल्या आणि नखं ओढायला लागले. कुणीतरी मोजायला लागलं. सातला डावा दिवा लाल झाला. धाकटीचे ओठ घट्ट मिटलेले होते. 

"मनात बोलली असेल ती!" स्वामी म्हणाले.

"मग आता बाजार मनात काय बोलतो ते बघू," म्हणत मी कडं पाव फेरा फिरवलं. तारा आडव्या झाल्या. थोड्या वेळाने डावा दिवा हिरवा झाला आणि उजवा लाल.

"अहो, माझा फोन!" घड्याळवाले काका ओरडले. कानाशी धरलेला फोन ते हलवून हलवून बघत होते. "मालवाल्याशी बोलत होतो मी! स्वामी, हे काय? मी काय पाप केलं?"

दवाखान्याची लाइन गेली तेव्हा ते पाप होतं. स्वतःची गेली तेव्हा काकांना कारण हवं झालं. त्यांना मी पाटीचा आणि खिडकीच्या गजांचा दाखला देऊनच समजावलं, उलटा कायदाही सांगितला. स्वामी जिन्याकडे सरकत होते, पण जिन्यातही माणसं होती. त्या पहिल्या दुपारी वीणा चुकून डिशपुढे राहिली असावी, आणि दिवा लाल झालेला त्यांनी पाहिला असावा. खरं तर शोधच लागला होता त्यांना. पण 'हे का झालं' असं त्यांनी विचारलं नाही, 'हे कुणावर ढकलू' एवढंच विचारलं.

नवऱ्याने धाकटीचा हात धरला. "चल, घरी चल. बोल ना काहीतरी." तिने हात सोडवून घेतला आणि साखळीच्या आत आली. स्वतः कडं फिरवलं. लाल. पुन्हा फिरवलं. हिरवा. किती वेळा फिरवलं कोण जाणे, कोणी तिला थांबवलं नाही. मग तिने वीणा डिशसमोरून काढून ढकलत पार मागच्या कठड्यापर्यंत नेली, परत येऊन दिव्यासमोर उभी राहिली आणि घोगऱ्या, गंजल्या आवाजात म्हणाली,

"डॉक्टर, पेशंटला श्वास लागलाय, आणि त्यांना पेनिसिलिन चालत नाही."

चाळीस दिवस ते वाक्य तिच्या घशात अडकलं होतं. आम्ही सात मोजले, मग सत्तर मोजले. दिवा हिरवाच राहिला.

जिन्यातली फ्रेम मी उतरवली आणि माझ्या टेबलासमोर लावली. 'दोष आढळला नाही' हे मी आता लिहीत नाही. 'दोष मला अजून सापडलेला नाही' असं लिहिते. साहेब हसतात, हसोत. तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे. समोर काही अद्भुत घडलं, तर 'मला अजून कळलेलं नाही' असं बेधडक म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण ते न कळलेलं एखाद्या माणसाच्या माथी मारू नका. एकदा पाव फेरा फिरवून बघा.

धाकटी दवाखान्यात परत रुजू झाली आहे. रोज रात्री जेवताना मला फोन करते आणि माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाही. मीही तिला अडवत नाही.