अस्सल गाववाली थाळी

प्रांजल बेल्ह्यात टेम्पोंवर नावं रंगवायची. तिच्या दुकानासमोरच पदम गुरुंगची चायनीजची गाडी लागायची. पदम मूळचा नेपाळचा. पण इतकी वर्षं इथं काढल्यावर गिऱ्हाइकाशी 'राव' लावूनच बोलायचा.

मग राजुरीच्या गोरखनं त्याची रील टाकली. "ह्या चिन्याला हाकला! बाहेरचं काहीच नको आपल्याला." खाली पदमच्या नाकाडोळ्यांवरून लोकांनी जे लिहिलं, ते वाचताना प्रांजलच्या अंगाचा तिळपापड झाला. पदमनं भीतीनं गाडीच बंद केली.

"पदमभाऊ, गाडीचा पत्रा रंगवू द्या मला," ती म्हणाली.

"नको ताई. भांडण वाढंल."

"भांडत न्हाई. हसवते."

पदमनं गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. "रंगवा."

बाजाराच्या दिवशी बैलांचे टेम्पो उतरत होते, तेव्हा पत्र्यावर चित्र झळकत होतं. मिशीला पीळ देत ताटावर बसलेला गडी, डोळ्यांवर रीलमधल्या गोरखसारखाच निळा गॉगल. ताट रिकामं! टोमॅटो, बटाटा, मिरची आणि चहाचा कप डोक्यावर गाठोडी घेऊन रांगेनं निघालेले. वर झोकदार अक्षरं: 'अस्सल गाववाली थाळी. टोमॅटो परदेशी, हाकलला! बटाटा परदेशी, हाकलला! मिरची परदेशी, हाकलली! चहा तर चिनीच, आधी हाकलला!'

"आयला, मिरचीबी बाहेरची व्हय?" कुणीतरी ओरडलं.

"समुद्रापल्याडची," प्रांजल म्हणाली. "लई जुनी पावणी."

बघता बघता गर्दी जमली. मोबाइल निघाले. तेवढ्यात गोरख मोटारसायकलवरून आला. "कुणी काढलं हे? पुसा आधी!"

प्रांजल ब्रश घेऊन पुढं झाली. "मी काढलं. तूच म्हणालास ना, बाहेरचं काही नको?"

गोरख तोंड उघडणार, तोच गर्दीतून त्याचे वडील दादाभाऊ पुढं आले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "गोरख्या, टोमॅटो हाकलल्यावर आपल्या वावरात लावायचं काय रं? तुझा गॉगल?"

सगळा बाजार खदाखदा हसला. गोरखनं गुपचूप मोटारसायकलला किक मारली.

दुपारपर्यंत चित्राचा व्हिडिओ गावोगाव फिरला. गोरखच्या रीलखाली एकच प्रश्न पडत राहिला, 'राव, चहा घेतला का हाकलला?' संध्याकाळी रील गायब झाली.

पदमनं गॅस पेटवला. बाकड्यावर पहिले बसले ते दादाभाऊच. "पदमभाऊ, पोरगं चुकलं माझं. टाक एक प्लेट, तिखट कर."

प्रांजल रंगल्या हातांनीच नूडल्स खात उभी होती. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती आणि पदमला मान वर करायला फुरसत नव्हती.