गॅलरीखालच्या बल्ल्या

मेहुण्याला सेंटरिंगच्या प्लेटा देऊ नयेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सगळ्यांनी सांगितलं होतं. पण बायको चार दिवस तोंड फुगवून बसली, "माझा भाऊ काय परका हाय का?" म्हणाली, आणि मी दिल्या. घरच्या शांततेसाठी माणूस काय काय करतो, त्यातलंच हे.

तसं तेव्हा मला त्या प्लेटांचं कामही नव्हतं. लातुरात बांधकामाचा धंदा पार बसला होता. लोक पाया भरायचे आणि थांबायचे. प्लॉटभर काटेरी झुडपं उगवायची, सळया गंजून लाल व्हायच्या, आणि मालक दिसला की तो रस्ता बदलायचा नाहीतर मी. माझ्या बरोबरीच्या गुत्तेदारांपैकी एकानं चहाची गाडी टाकली, एकानं बँकेची पिग्मी गोळा करायला सुरुवात केली. बऱ्याच जणांनी स्लॅबखाली लावायच्या लोखंडी प्लेटा भंगारात आणि त्यांना टेकू द्यायच्या लाकडी बल्ल्या सरपणात घातल्या. मी घातल्या नाहीत. घरामागं ताडपत्री टाकून ठेवल्या आणि रोज सकाळी चूळ भरताना त्यांच्याकडं बघून सरकारला शिव्या दिल्या.

हा मेहुणा, दयानंद, माझ्याच हाताखाली शिकला. दहावी नापास होऊन आला तेव्हा त्याला ओळंबा कुठल्या हातात धरायचा ते कळत नव्हतं. मी गवंडी केला, मग मिस्त्री केला. काम थांबलं तसा हा पठ्ठ्या माझी निम्मी टोळी घेऊन नांदेडकडं गेला आणि मुदखेडात स्वतःच गुत्तेदार झाला. जाताना पाया पडला. मला वाटलं आशीर्वाद मागतोय. आठवड्यानं बायकोमार्फत प्लेटा मागितल्या.

आता म्हणे धंदा उठतोय. उठतोय कसला, कण्हत कण्हत कूस बदलतोय. एक काम निघालं की दहा गुत्तेदार त्याच्यावर तुटून पडतात, आणि मालकाला ते बरोबर कळलेलं असतं. साहेबराव डाळमिलवाल्यांनी क्लासच्या पोरांसाठी हॉस्टेल बांधायला काढलं आणि ते काम मला मिळालं, तेव्हा शेजारच्या गुत्तेदारानं माझ्याशी बोलणं टाकलं. साहेबरावांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ईश्वरप्पा, शुक्रवारी स्लॅब पडला पाहिजे. न्हाई पडला तर माझ्याकडं माणसं लई हायत." मी मान डोलावली. एवढ्या दिवसांनी आलेलं पहिलं मोठं काम, मान डोलावण्यावाचून काय करणार?

आणि प्लेटा नाहीत. भाड्यानं घ्याव्यात तर गावात कुणाकडंच नाहीत, कारण ज्यांनी भंगारात घातल्या तेही आता त्याच शोधत फिरत होते. माझ्या प्लेटा मुदखेडात कुणाच्या तरी स्लॅबखाली अडकलेल्या. दयानंदला फोन केला की वाजून वाजून बंद पडायचा. बायकोनं केला की उचलायचा आणि "ताई, दाजीला सांग, पाठवतो" म्हणायचा. मंगळवारी मी सुदामचा टेम्पो केला आणि पहाटेच निघालो. अहमदपूर, लोहा, नांदेड करत मुदखेडला पोहोचेपर्यंत मी दयानंदला मनातल्या मनात इतकं बोललो होतो की समोर दिसला तेव्हा तोंडाला कोरड पडली होती.

"दाजी! असं अचानक?" तो म्हणाला.

"फोन उचलला असतास तर अचानक आलो नसतो. प्लेटा काढ."

घर नवीनच होतं. तीन लहान खोल्या, आणि रस्त्यावर पुढं आलेली लांबलचक गॅलरी. खोल्यांत बल्ल्यांची नुसती दाटी. घराची मालकीण केवळाबाई दारातच पदर खोचून उभी होती. जवळच्याच खेड्यातली बाई, नवरा गेलेला, शेत स्वतः करायची. पोरीला शिकवून नोकरीला लावलेलं, तिचं लग्न ठरलेलं. रविवारी याच घरात हळद करायची होती, आणि घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

"तुम्हीच मोठे गुत्तेदार का?" तिनं मला विचारलं. "मग सांगा ह्याला काही. रोज म्हणतो उद्या काढतो. पाहुणे काय ह्या लाकडांच्या मधी बसवू?"

"मावशी, स्लॅब अजून ओला हाय," दयानंद म्हणाला. "दाजी, तुम्हाला तर माहीत हाय. मधी पाणी पण नव्हतं मारायला. आठवडाभर तरी थांबा. मी स्वतः आणून टाकतो लातूरला."

खरं सांगायचं तर तो बरोबर बोलत होता. पण शुक्रवार त्याच्या स्लॅबचा नव्हता, माझा होता. मी आत गेलो, वर पाहिलं, हातोडीच्या दांड्यानं दोन-चार ठिकाणी ठोकून आवाज ऐकला. खोल्या लहान होत्या. धरतील, असं मला वाटलं, आणि वाटण्यात माझा स्वार्थ किती होता ते मी तपासलं नाही.

"खोल्यांचं सेंटरिंग खोलता येतं," मी मोठ्यानं म्हणालो. "भिऊन राहिलाय नुसता. कामावर भरवसा असला की माणूस भीत न्हाई."

केवळाबाईला हेच हवं होतं. तिनं दयानंदकडं असं पाहिलं की त्याची मान खाली गेली. मग त्यानं पोरांना हाक मारली. ती पोरं माझीच होती, माझ्याकडून पळवलेली. एकानंही मला राम राम घातला नाही.

एकेक बल्ली निघाली, प्लेटा खणखणत खाली आल्या, पोरांनी त्या टेम्पोत रचल्या. एक खोली, दुसरी, तिसरी. स्लॅब हलला नाही. केवळाबाई आत फिरून आली, तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "बघ, मोठ्या माणसाची नजर," ती दयानंदला म्हणाली. मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, लई दिवसांनी अंगावर मूठभर मांस चढलं. दयानंद घाम पुसत होता.

राहिली गॅलरी.

गॅलरीला पुढून आधार नसतो. ती मागच्या भिंतीला धरून हवेत उभी असते, म्हणून तिच्यातली सळई वरच्या अंगाला ठेवावी लागते. सिमेंटचा माल टाकताना पोरं सळयांच्या जाळीवरून नाचतात, जाळी दबून तळाला बसते, म्हणून एक माणूस सारखा मागं फिरून ती वर उचलत राहतो. आमच्याकडं ते काम कंटाळवाणं म्हणून सगळे टाळतात. मजूर कमी घेतले की पहिल्यांदा हाच माणूस कमी होतो. आणि मंदीनंतर ज्या रेटमध्ये कामं घ्यावी लागतात, त्या रेटमध्ये मजूर कमीच घ्यावे लागतात. हे मला दयानंदइतकंच ठाऊक होतं.

एका पोरानं कडेची एकच प्लेट ओढून काढली. मी खालून पाहिलं. गॅलरीच्या तळाला सळई दिसत होती. नुसती दिसत नव्हती, गंजाची रेघ धरून सरळ भिंतीपर्यंत गेली होती. वरच्या अंगाला जी असायला हवी ती सगळी तळाला. म्हणजे गॅलरीला धरायला काहीच नव्हतं. खालच्या बल्ल्या होत्या तेवढाच तिचा जीव.

इथं मी काय करायला हवं होतं? त्याला दंडाला धरून बाजूला न्यायचं, कानात सांगायचं. तो माझा मेहुणा. माझ्या ताटात जेवलेला. कानात सांगितलं असतं तर तो ऐकला असता, हे मी आजही शपथेवर सांगतो. बल्ल्या तशाच ठेवून रविवार निघाला असता, हळदीला बल्ल्यांना आंब्याचे डहाळे बांधले असते, पुढं गॅलरी फोडून नवी घातली असती, आणि कुणाला काही कळलं नसतं.

पण गल्लीत माणसं जमली होती. लोकांना दुसऱ्याचं सेंटरिंग खोलताना बघायला फार आवडतं. माझी पोरं मला राम राम न घालता उभी होती. आणि एवढी वर्षं घरामागं गंजत पडलेल्या माझ्या रागाला असा मोका पुन्हा मिळणार नव्हता.

"अरे हे काय करून ठेवलंयस!" मी ओरडलो. "या, बघा रे सगळे! सळई तळाला बसवलीय ह्यानं. ह्याला मी मिस्त्री केला! गॅलरीची सळई कुठं असते ते कळत न्हाई आन् गुत्तेदार म्हणून बोर्ड लावतो!"

दयानंदचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"आत्ता तर म्हणत होता भिऊ नको, काढ," तो म्हणाला. "आता तुमच्या प्लेटा टेम्पोत चढल्या म्हणून माझं नाव घालवून राहिले का?"

"नाव? तुझं नाव कुठं हाय घालवायला?"

केवळाबाई मध्ये आली. "गुत्तेदार, सकाळपासून तुमचं एक धड न्हाई. घटकेत काढा, घटकेत काढू नका. माझ्या घरावरून तुमच्या दोघांची भांडणं चाललीत का? काय खरं ते सांगा."

"खरं हेच की गॅलरी पडणार," मी म्हणालो. "ह्याला इथं नव्या कामाला कुणी उभं करू नका. ज्यानं-ज्यानं काम दिलंय त्यानं घरी जाऊन आपापली गॅलरी बघा."

हे बोललो आणि जमलेल्यांत दोघं-तिघं खरंच घराकडं निघाले. ते मला दिसलं तसं दयानंदलाही दिसलं. त्याचं चार ठिकाणी चाललेलं काम त्या दोन-तीन पाठींबरोबर गल्लीतून निघून जात होतं. तो एकदम शांत झाला. पोराच्या हातातला घण त्यानं काढून घेतला.

"सरका," तो पोरांना म्हणाला. "मीच काढतो. बघू दे सगळ्यांना पडते का."

मी काय म्हणालो ते मला नीट आठवतं. मी "थांब" म्हणालो नाही. मी म्हणालो, "काढ. काढ की. हिंमत असंल तर काढ."

आणि मग मी शहाण्यासारखा वागलो. केवळाबाईला हाताला धरून रस्त्यापलीकडं नेलं. माणसांना मागं हटवलं. पोरांना हाकललं. सगळ्यांना वाचवलं आणि ज्याला वाचवायचं तो एकटा खाली राहिला. मी समोरच्या ओट्याशी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

त्यानं पहिली बल्ली पाडली. गॅलरी तशीच. दुसरी पाडली. तशीच. तो माझ्याकडं बघून हसला. मला त्या हसण्याचा इतका राग आला की माझे दात एकमेकांवर घासले. उभी राहिली ही गॅलरी तर मी खोटा. मुदखेडपासून लातूरपर्यंत खोटा. आज रात्री बायकोच्या फोनवर खोटा. पड, मी मनात म्हणत होतो. पड.

तिसरी बल्ली निघाली आणि भिंतीशी बोटभर फट उघडली. तो वर बघायच्या आत गॅलरी खाली आली. प्लेटांसकट, बल्ल्यांसकट. आवाज एवढा मोठा होता की सुदामनं टेम्पो सुरू केला, कशासाठी ते त्यालाही कळलं नसेल.

धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही. मग केवळाबाई किंचाळली आणि सगळे धावले, मीही धावलो. दयानंदनं उडी मारायचा प्रयत्न केला असावा, कारण छातीपर्यंत तो बाहेर होता. पाय आत होते. पोरांनी आणि मी मिळून पहार लावली, पडलेला स्लॅब उचलला, त्याला ओढून काढलं. एक पाय गुडघ्याखाली जिकडं वळायला नको तिकडं वळला होता. दुसऱ्याकडं मी बघितलं नाही.

"नांदेडला न्या," कुणीतरी म्हणालं. टेम्पो माझ्या प्लेटांनी भरलेला. सुदाम माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"फेक," मी म्हणालो. "समद्या खाली फेक."

पोरांनी प्लेटा गल्लीत फेकल्या. साहेबरावांचं हॉस्टेल, माझा शुक्रवार, सगळं गल्लीत पसरलं. कुणीतरी घरातून गोधडी आणली. आम्ही त्याला टेम्पोत घातलं आणि मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. केवळाबाई टेम्पोच्या मागच्या फाळक्याला धरून म्हणाली, "गुत्तेदार, तुम्हाला दिसत होतं. तुम्ही मला बाजूला केलं, ह्याला का न्हाई केलं?" टेम्पो हलला तसा तिचा हात सुटला.

रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला दयानंद कण्हायचा. त्याच्या केसांत सिमेंटची भुकटी होती, ती मी बोटांनी झटकत होतो. त्याच्या खिशातला फोन वाजत होता. माझ्या बायकोचा असणार, सकाळी मी काही न सांगता निघालो होतो. मी उचलला नाही.

स्टेशनाजवळच्या वळणावर त्यानं डोळे उघडले. मला ओळखायला त्याला जरा वेळ लागला.

"झालं का समाधान, दाजी?"

मला नाही म्हणायचं होतं. त्याच्या बहिणीची आण घेऊन नाही म्हणायचं होतं. पण आण खोटी झाली असती. कारण गॅलरी सुटली तेव्हा, ती जमिनीला लागायच्या आधी, मला तो तिच्याखाली उभा दिसत होता, आणि तेवढ्या वेळात मला झालं होतं.