एका डोळ्याची राखण

गिरिजाला काळजी होती ती नवऱ्याच्या डोळ्याची. डोळ्यांची नव्हे, एका डोळ्याची, कारण किसनला दिसायचं ते फक्त उजव्यानं. डावा डोळा बघायला ठणठणीत, काळाभोर, पापणी लवायची, पाणीही यायचं, पण आत अंधार. नऊ वर्षांचा असताना महूच्या मैदानात गिल्ली-दंडा खेळताना गिल्ली लागली आणि तो डोळा खलास झाला. ही गोष्ट अख्ख्या इंदूरात आता दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि तिला. बुद्धरत्न, त्यांचा मुलगा, सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी त्यालाही सांगायची बंदी होती.

एवढी लपवाछपवी कशाला, तर ऐका. किसनचे वडील फौजेत हवालदार. पोरगाही फौजेत जाईल म्हणून त्यांनी त्याला भरतीच्या रांगेत उभा केला, आणि तिथल्या डॉक्टरनं दोन मिनिटांत डोळा पकडला. हवालदारसाहेब दोन दिवस जेवले नाहीत. पुढे इंदूरच्या कापड मिलमध्ये जागा निघाल्या तेव्हा किसन शहाणा झालेला होता. कंपाउंडर म्हणाला, एक डोळा झाकून पाटीवरचं वाच. यानं डाव्या हातानं डावा झाकला. कंपाउंडर म्हणाला, आता दुसरा. यानं हात बदलला आणि उजव्या हातानं पुन्हा डावाच झाकला. कंपाउंडर त्या वेळी विडी पेटवत होता. त्या एका विडीच्या जोरावर किसननं बावीस वर्षं मिलमध्ये चार साचे चालवले, म्हणजे कापड विणायचे चार माग, आणि कापडात कधी खोट येऊ दिली नाही.

मिलमधली एक रीत इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. विणकराच्या नाकावर चष्मा चढला की तो संपला, असा तिथला हिशेब. कोणाला कुठल्या साच्यावर उभं करायचं ते जॉबर ठरवायचा, आणि चष्मा त्याच्या नजरेला पडला की साचे काढून हातात झाडू द्यायचा. म्हणून पन्नाशी आली तरी लोक धागा पार नाकाशी नेत, डोळ्यासमोर धरून ओढून बघत, पण चष्मा लावत नसत. दिसत नसलं तरी दिसतंय असं दाखवायचं, यात अर्धी मिल तरबेज होती.

मग देश खुला झाला म्हणे, आणि मिल बंद झाली. कोणाला यातलं काही कळलं असेल तर त्यानं सांगावं, गिरिजाला तर कळलं नव्हतं. फाटकाला कुलूप लागून आता चार वर्षं झाली होती. घर चाललं होतं ते बुद्धरत्नच्या पगारावर, तो सांवेर रोडला एका कारखान्यात ग्राइंडरवर होता, आणि गिरिजा घरी बसून परकर शिवायची त्यावर. किसन मात्र सकाळी उठून, दाढी करून, डबा घेऊन निघायचा, जशी मिलची पाळीच लागलीय. जायचा कुठे, तर सिरपूरच्या तलावावर मासे धरायला.

तलावाच्या काठी मिलचेच चार-पाच जण बसत, आणि मधोमध बसत दत्तोपंत. हेच ते जुने जॉबर. मिल पुन्हा उघडणार आहे, नवा मालक येतोय, जुन्यांतले निवडक घेणार आहेत आणि त्यांची यादी माझ्याकडूनच जाणार, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. यादी त्यांच्या कोटाच्या खिशात असायची. किसनचं नाव तिच्यात होतं.

गिरिजाचा माशांना विरोध नव्हता. रोहू आणला की ती आवडीनं शिजवायची. पण तिला धसका होता तो गळाचा. नायलॉनची दोरी, टोकाला शिशाचा गोळा आणि वाकडा काटा, तो डोक्यावरून फिरवून फेकायचा. शेजारी बसलेलाही तसाच फिरवणार. मागे बाभळीच्या फांद्या डोळ्यांच्या उंचीवर. दोन डोळ्यांच्या माणसाचा एक गेला तर दुसरा असतो. याचा गेला म्हणजे दिवाच गेला. परकर शिवता शिवता ती घड्याळाकडे बघायची आणि सुई बोटात टोचून घ्यायची.

तिनं बुद्धरत्नला एवढंच सांगितलं, की बाबांना तलावावर धूळ-काटा लागतो, काहीतरी बघ. पोरगा समजदार. त्यानं कारखान्यातला पारदर्शक गॉगल आणला, कडेनंही डोळा झाकणारा. वर आईला तीन-तीनदा बजावलं, की आमच्या भिंतीवर पाटीच लावलीय: डोळ्याला मार लागला तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, आत काही घालायचं नाही, वरून काहीतरी कडक झाकण ठेवायचं आणि सरळ डॉक्टर. गिरिजानं ते पाठ केलं. किसननं कुरकुर केली, मी काय वेल्डर आहे का म्हणाला, पण लावून गेला. महिनाभर रोज लावून जायचा, लावून यायचा. गिरिजाला वाटलं, चला, सुटलो.

एका रविवारी तिनं तो गॉगल पुसायला घेतला आणि तिचा हात थांबला. महिनाभर काठावर वापरलेली वस्तू, पण काचेवर साधा ओरखडा नाही, कडेला मातीचा कण नाही. कारखान्यातून आला तसा कोरा. ती काय समजायचं ते समजली. हा माणूस गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गॉगल लावत होता आणि पुढे खिशात घालत होता.

तिनं गॉगल होता तिथे ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी किसन गॉगल लावून निघाला, आणि अर्ध्या तासानं विसरलेल्या भाजीची स्टीलची वाटी पदराखाली धरून तीही टेंपोत बसली. भाजी तो विसरला नव्हता. तिनंच काढून ठेवली होती. तिनं इतक्यांदा लवकर चला म्हटलं, की टेंपोवाल्यानं विचारलं, बाई, तब्येत ठीक आहे ना. ठीक कुठली, पण हो म्हणाली.

काठावर पोचली तर तिला वाटलं होतं तेच. किसन दत्तोपंतांच्या शेजारी बसला होता, तोंडावर काही नाही, आणि खिशातून गॉगलची पट्टी लोंबत होती. गळ पाण्यातल्या बेशरमच्या झुडपात अडकला होता. तो उठला. दोरी त्यानं दोन्ही हातांत घेतली, ताणली, आणि जन्माची सवय कुठे जाते, अडकलेला धागा बघावा तशी ती पार उजव्या डोळ्याच्या समोर आणून नेम धरून ओढू लागला. गिरिजानं हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात झुडपानं गळ सोडला. ताणलेली दोरी सटकन परत आली आणि शिशाचा गोळा किसनच्या तोंडावर बसला.

तो नुसता खाली बसला आणि हातानं चेहरा झाकला. बोटांमधून रक्त आलं. सगळे धावले. भुवई फुटली होती, ते बरं, पण डोळ्याच्या आतही लाल पसरत होतं, बुबुळाच्या खालच्या अंगाला रक्त साठत होतं. मिलमध्ये कोणाच्या डोळ्यात कापसाची रुई गेली की रुमालाचं टोक थुंकीनं ओलं करून, पीळ देऊन फिरवायचे, आणि त्यात दत्तोपंतांचा हात सगळ्यांत हलका समजला जायचा. त्यांनी सवयीनं रुमाल काढला, टोक तोंडात धरलं आणि वाकले.

गिरिजानं त्यांचा हात धरला. आयुष्यात ज्या माणसासमोर ती पदर सावरून उभी राहिली होती, त्याचा हात तिनं मनगटाला धरून बाजूला केला. हात लावायचा नाही म्हणाली. भाजी तिनं मातीत ओतली, वाटी पदरानं पुसली, किसनचे हात खाली घेतले आणि वाटी डोळ्यावर उलटी ठेवली, कडा हाडावर टेकेल अशी, डोळ्याला कुठे लागणार नाही अशी. वरून पदराची पट्टी फाडून बांधली. गाठ नीट बसली.

दत्तोपंत धीर द्यायला म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही किसनभिया, एक डोळा बांधला तर बांधला, दुसऱ्यानं बघत बघत रिक्षापर्यंत चल. किसन उभा राहिला. एक पाऊल टाकलं आणि सरळ पाण्याकडे निघाला. कोणीतरी त्याला मागे खेचलं. सगळे हसण्याच्या बेतात होते. किसननं मान हलवली, हळूच, गिरिजाच्या आवाजाच्या दिशेनं. सांगू नको, असं. तिला ते दिसलं. 

"दुसरा नाहीये," ती म्हणाली. "लहानपणीच गेलाय तो. एकावरच बावीस वर्षं काढली यांनी."

 दत्तोपंतांच्या हातात ओला रुमाल तसाच राहिला.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं. आत रक्त साठलंय, बुबुळ फुटलेलं नाही, आणि वाटी बांधून आणलीत, चोळलं नाहीत, हे फार चांगलं केलंत, असं त्या म्हणाल्या. बाकी सहा दिवसांनी कळेल. तोवर डोकं उंच ठेवून पडून राहायचं, दोन्ही डोळे बांधून. पुन्हा रक्त सुटलं तर मग काही हातात नाही.

ते सहा दिवस गिरिजानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. बुद्धरत्न आला, त्याला सगळं सांगावं लागलं, आणि तो आईवर चिडला, की मला एका शब्दानं बोलली असतीस तर मी रोज सोबत गेलो असतो. खरंच होतं ते. तिनं ऐकून घेतलं. रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच, की पट्टी सुटेल आणि हे विचारतील, अजून सोडली नाही का. तथागतासमोर बसायची तर तिथेही मन लागत नव्हतं. नवरा मात्र गुपचूप. तिच्यावर रागावलाय की काय, तेही कळेना.

चौथ्या दिवशी दत्तोपंत आले. केळी आणली होती. स्टुलावर बसले, बराच वेळ खोकले आणि मग म्हणाले, यादीबिदी काही नाहीये. नवा मालकही नाही. साचे भंगारात गेले, ट्रक भरताना मी स्वतः बघितले, दोन महिने झाले. यादी मीच बनवली. ती खिशात होती तोवर लोक शेजारी येऊन बसत होते, माझ्याजवळ दुसरं राहिलंय काय.

गिरिजाचं डोकं असं तापलं, की केळ्यांसकट त्यांना खिडकीतून टाकावं. या कागदापायी, ती म्हणाली, या तुमच्या कागदापायी यांनी गॉगल खिशात ठेवला, कळतंय का तुम्हाला. तोंडाला येईल ते ती बोलली असती. पण पलंगावरून किसनचा आवाज आला, चार दिवसांत पहिल्यांदा नीट.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मीही ट्रक बघितले होते."

मग गॉगल का नाही लावला, असं तिनं विचारलं.  किसन बांधलेल्या डोळ्यांनी छताकडे तोंड करून पडला होता.

"लावला असता तर मिल गेली असं बोलल्यासारखं झालं असतं, गिरिजा. तिथे कोणीच बोलत नव्हतं. पहिल्यांदा मी बोलू का?"

दत्तोपंत उठले. जाताना त्यांनी किसनच्या पायावर हात ठेवला आणि निघून गेले. गिरिजाला त्यांच्यावर रागावायचं होतं, पण राग कुठे गेला कोण जाणे. उरली ती नुसती भीती.

सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. गिरिजा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, लोखंडी दांडा धरून. किसननं पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवली. तो म्हणाला, तीन. मग म्हणाला, धूसर आहेत, पण तीन. पुढे भिंतीवरचं कॅलेंडर, त्यावरचा मोठा आकडा, दारात उभ्या नर्सच्या टोपीची कड, सगळं त्यानं एकेक करून सांगितलं. धूसरपणा महिन्याभरात जाईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण असा दुसरा मार हा डोळा सोसणार नाही, बाहेर पडायचं ते डोळ्यांवर काच लावूनच.

त्या गेल्या आणि गिरिजाचा बांध फुटला. रडली नाही, भांडली. वॉर्डभर ऐकू जाईल अशी. तीस वर्षं तुमचं झाकत आले, पोटच्या पोरापासून झाकलं, सुई बोटात टोचून घेतली, आणि तुम्ही त्या चार म्हाताऱ्यांच्या लाजेखातर माझा दिवा विझवायला निघालात. नर्स येऊन गप्प राहा म्हणाली, तर तिलाही दोन शब्द ऐकवले. किसन ऐकत होता आणि तिच्याकडे बघत होता. शेवटी तिचा दम संपला. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"शपथ नको मला," ती म्हणाली. "शपथा तुम्ही कोपऱ्यापर्यंत पाळता. ते वाक्य म्हणा. माझ्यासमोर, मोठ्यानं."

 किसनचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. शेजारच्या पलंगावरचा माणूसही कान देऊन होता.

"गेली," तो म्हणाला. "मिल गेली, गिरिजा. आता नाही उघडत."

आणि तो रडायला लागला, चार वर्षांत पहिल्यांदाच. डोळ्याला ताण द्यायचा नाही असं डॉक्टरीणबाई बजावून गेल्या होत्या, म्हणून गिरिजा घाबरून त्याचे गाल पुसू लागली. पाणी दोन्ही डोळ्यांतून येत होतं.