विक्रमशेठचा गेम

माझी बातमी पहिल्या पानावर नावासकट एकदाच आली, आणि त्या बातमीनं एका माणसाचे दोन्ही हात खाल्ले. ही फुशारकी नाही. फुशारकी मारायची तेव्हा मी पोटभर मारून घेतली होती.

साल २००६. मी मच्छिंद्र, वरवंडच्या स्टँडसमोर झेरॉक्स आणि फॅक्सचं दुकान चालवायचो आणि पुण्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. वार्ताहर म्हणजे काय, तर सप्ताहाची सांगता, सोसायटीची बिनविरोध निवडणूक आणि हायवेवरचे अपघात. त्यातले अपघात तेवढे छापून यायचे. गावात मात्र मला मान होता. लोक "पेपरवाले" म्हणून हाक मारायचे आणि माझी छाती दोन इंच पुढं यायची. उथळ पाण्याला खळखळाट फार.

त्या मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला कुरकुंभहून चांगदेवचा फोन आला. चांगदेवचं एमआयडीसीच्या चौकात गेम पार्लर होतं. चार टीव्ही, चार खुर्च्या, चिकटपट्टीनं जोडलेल्या रिमोटच्या वायरी आणि दारात रुपया टाकायचा फोन. शिफ्ट सुटली की कामगार तिथं बसून मारामारीचे गेम खेळायचे.

"मच्छिंद्रभाऊ, आसाल तसं या," चांगदेव म्हणाला. "विक्रमशेठला तोडलाय."

विक्रम म्हणजे आमच्या गावच्या सावळारामआबांचा थोरला मुलगा. कंपन्यांना कंत्राटी कामगार पुरवायचा. मी गाडीला किक मारली.

कंपन्यांच्या मागच्या नाल्याकडेला तो पडला होता. मानेवर कोयत्याचे चार वार होते. डावा हात मनगटापासून कातडीवर लोंबत होता, वार अडवायला त्यानं तो वर धरला असणार. डोळे उघडे होते आणि त्यांच्या कोपऱ्यात माश्या बसल्या होत्या. त्याची बुलेट आडवी पडून तेल गळत होतं, रक्त आणि ते तेल एकमेकांत मिसळत नव्हतं. मी बाभळीच्या बुडाशी जाऊन ओकलो. आणि ओकता ओकता मथळा शोधत होतो, हेही सांगून टाकतो.

चौकात आलो तर चांगदेव पायरीवर बसला होता.

"बिरदेव आला," तो सांगू लागला. "शर्ट नुसता रक्तानं भिजलेला. ठाण्याला फोन लावला त्यानं. मग आमच्याकडं बघून म्हनला, 'गेम केला. विक्रमशेठचा गेम केला.' दोनदा म्हनला. आन् जाऊन आपल्या खुर्चीत बसला की. रिमोट घेतला आन् खेळाया लागला! पोलिस येऊन घेऊन जाईस्तवर खेळतच व्हता."

बिरदेवला सगळा चौक ओळखायचा. आमच्याच गावच्या धनगराचं पोर, बाप मेंढरं घेऊन फिरला, हा एका केमिकल कंपनीत विक्रमच्या हाताखाली कंत्राटी कामगार. त्याला गेमचा नाद होता, खोटं कशाला बोलू? दोनदा त्यानं ड्युटी बुडवली होती. एकदा त्याच्या बायकोनं, पूनमनं, भर चौकातून त्याची कॉलर धरून घरी नेलं होतं. आता असा माणूस रक्ताच्या शर्टानं येतो, 'गेम केला' म्हणतो आणि गेम खेळायला बसतो. मला तर पंचपक्वान्नाचं ताट वाढल्यासारखं झालं.

आपल्या मराठीत कर्ता गिळून टाकला तरी वाक्य चालतं. 'घर बांधलं', 'लग्न लावलं', 'तोडलाय'. कुणी, ते ऐकणाऱ्यानं आपापलं भरून घ्यायचं. बिरदेवनं कर्ता सांगितला नव्हता. चांगदेवनंही तो घातला नाही, बिचाऱ्यानं ऐकलं तसं सांगितलं. कर्ता घातला तो मी. 'मी विक्रमशेठचा गेम केला, असे संशयिताने उपस्थितांना सांगितले.' एक अक्षर. आणि त्यानंच ठाण्याला फोन लावला होता, हे वाक्य मी लिहिलं आणि खोडलं. बातमी लांबत होती.

बुधवारी पहिलं पान. 'गेमच्या नशेत ठेकेदाराचा खून.' खाली माझं नाव. मी बावीस अंक विकत घेतले.

दुपारी पुण्याहून टीव्हीवाले आले. त्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी चौकातल्या एका हमालाला खुर्चीत बसवलं, शेजारच्या दुकानातून कुंकू आणून पाण्यात कालवलं आणि त्याच्या शर्टावर शिंपडलं. मग रिमोटवर चाललेल्या त्याच्या अंगठ्यांचं शूटिंग केलं. जवळून, पुन्हा पुन्हा. मी मागं उभा राहून केस विंचरले आणि माईकसमोर सांगितलं, "ही कीड आता ग्रामीण भागातही पोचली आहे." संध्याकाळी ते अंगठे घराघरात दिसले. मागं नगारे वाजत होते. तासाभरात पन्नासेक माणसं चौकात आली. चांगदेवचे चारही टीव्ही रस्त्यावर आपटून फोडले, आणि मध्ये पडलेल्या चांगदेवचा खालचा ओठ दगडानं फाटला.

गुरुवारी दुपारी टेंभुर्णीजवळ दोघं सापडले. कोयत्यासकट. दुसऱ्या एका ठेकेदारानं पाठवलेली माणसं होती ती, आणि ते त्यांनी कबूल केलं. बिरदेव शिफ्ट सुटून त्या वाटेनं येत होता, त्यानं लांबून मोटारसायकल पळताना पाहिली आणि धावत जाऊन विक्रमला उचलायचा प्रयत्न केला. त्याचा जबाब झाला, उद्या सकाळी सोडणार, असं ठाण्यातून मला कळलं.

मी ताबडतोब फॅक्स केला. वर फोनही केला.

"अरे, गेमच्या व्यसनावर आपली तज्ज्ञांची मालिका सुरू झाली आहे," डेस्कवरचे साहेब म्हणाले. "दुसरा भाग आजच्या पानाला लागलाय. मध्येच हे कुठं घालू? परवा आत घेऊ दोन परिच्छेद."

"बरं," मी म्हणालो.

नुसतं बरं. भांडलो नाही, हात जोडले नाहीत, माणूस उद्या सुटून गावात येतोय असंही म्हणालो नाही. दुसऱ्या बातमीनं पहिलीतली माझी चूक उघडी पडत होती ना! ती जितकी आतल्या पानावर जाईल तितकं मला बरं होतं. माझी मलाच शिसारी येते, पण झालं ते असं झालं.

शुक्रवारी अकरा वाजता दौंडची वडाप जीप स्टँडवर थांबली. तिच्यातून बिरदेव उतरला, मागोमाग त्याची आई कुशाबाई. तिनं त्याचा दंड धरला होता. समोर सावळारामआबांची जीप उभीच होती. पाच-सहा जण उतरले, विक्रमचे चुलतभाऊ होते ते, आणि कुणी काही बोलायच्या आत बिरदेवच्या कानशिलात हॉकी स्टिक बसली. तो गुडघ्यावर आला. मग लाथा. कुशाबाई त्याच्या अंगावर पडली, तिला केसांना धरून ओढून काढलं. बिरदेवच्या तोंडातून रक्ताची गुळणी पडली आणि त्याच्याबरोबर दात.

मी झेरॉक्स मशीनच्या मागं उभा होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. गिऱ्हाइकाच्या सातबाऱ्याच्या दोन प्रती निघून झाल्या, एवढा.

मग मात्र धावलो. "आबा! आबा, थांबवा! ह्यानं नाही मारलं विक्रमशेठना!"

सावळारामआबा जीपच्या दाराला टेकून उभे होते. तीन दिवसांत माणूस निम्मा झाला होता. त्यांनी बंडीच्या खिशातून माझ्याच बातमीचं कात्रण काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं.

"पेपरात आलंय," ते म्हणाले.

"ते मीच लिहिलंय, आबा. चुकलं माझं. पाया पडतो तुमच्या. तो 'मी' म्हणाला नव्हता. तो शब्द मी घातला."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना माझ्यावर राग आला नव्हता, त्यांना माझी कीव आली होती. "छापल्यावर कुठं चुकत आसतंय व्हय, मच्छिंद्र? भ्यालास तू. त्याच्या लोकांनी दम दिला आसंल तुला."

"मारणारे सापडलेत आबा! टेंभुर्णीला! पोलिसांना विचारा!"

"मग कुठं आलंय त्ये? दाव."

मी काय दाखवणार? माझ्या खिशात फॅक्सची पावती होती. त्यांना ती दिली. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही, खाली टाकली. ते वळले आणि शांतपणे म्हणाले, "आंगठं मोडा त्याचं. ज्यानं खेळतो ती समदी बोटं मोडा."

जीपमधून टॉमी आली, चाक खोलायचा लोखंडी दांडा. दोघांनी बिरदेवचा उजवा हात स्टँडच्या सिमेंटच्या कट्ट्यावर दाबून धरला. मी मधे घुसलो तर एकानं माझ्या छातीवर पाय देऊन मला खाली पाडलं. पहिल्या घावाचा आवाज ओलं लाकूड फुटल्यासारखा आला. बिरदेव पहिल्या दोन घावांना ओरडला, "म्या फोन केला! म्या उचलला शेठला!" त्यानंतर त्याच्या तोंडातून शब्द येईनात. उजवा झाल्यावर डावा धरला. त्या हातावर बोटं एकेक करून वेगळी मांडली, चुकायला नको म्हणून. स्टँडवर साठ-सत्तर माणसं होती. एकजण म्हणाला, "टीव्हीवर दावलेला त्योच ह्यो." आणि सगळे टाचा उंच करून बघू लागले.

शनिवारी पेपरात 'गेमवेड्या तरुणाला संतप्त जमावाचा चोप' असं ठळक आलं. मी ते पाठवलं नव्हतं, त्यांना कुठूनही मिळतं. खरे मारेकरी सापडल्याचं आतल्या पानावर होतं, चार ओळी, खतांच्या जाहिरातीखाली.

चौथ्या दिवशी मी दौंडच्या दवाखान्यात गेलो. आधी धीर झाला नाही. बिरदेवच्या उजव्या हाताची तीन बोटं काढली होती, डावा कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तोंड सुजलेलं. पूनमला दिवस गेले होते म्हणून तिला आणलं नव्हतं. कुशाबाई एकटीच खाटेजवळ बसली होती. तिनं मला बसायला स्टूल दिलं.

"तुम्ही स्टँडवर मधी पडला व्हता, म्या बघितलं," ती म्हणाली. "द्येव भलं करंल तुमचं."

मला बसवेना. मी बिरदेवला विचारलं, उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून. "त्या दिवशी फोन केल्यावर खेळायला का बसलास रे?"

छताकडं बघत तो फाटक्या ओठांनी म्हणाला, "शेठचं मुंडकं मांडीवर घेतलं व्हतं. हात थांबंना. नुसतं थरथर. रिमोट धरला की थांबत्यात, एवढं ठावं हाय मला." मग म्हणाला, "लई नाद व्हता. पर कुणाला मारलं न्हाई."

कुशाबाईनं पदरानं डोळे पुसले. "तुम्ही पेपरवाले. तुमास्नी म्हाईत आसंल. कुणी लिवलं हो त्ये पयलं? त्याचं नाव तरी सांगा मला."

पळून जायला दार मोकळं होतं. ती अडाणी बाई, तिला कधीच कळलं नसतं. पण माझ्याच्यानं आता आणखी एक खोटं उचललं जाईना.

"मी लिहिलं," मी म्हणालो.

मला वाटलं ती पायातली वहाण काढेल, थुंकेल. काढली असती तर मी मान पुढं केली असती. तिनं खाली वाकून फडकं सोडलं, भाकरी आमटीत कुस्करली आणि ताटली माझ्या हातात दिली.

"त्याला हात न्हाईत," ती म्हणाली. "मला सांच्याला म्हशीची धार काढाया घरी जावं लागतं. रोज ह्या वक्ताला येत जा आन् भरवत जा त्याला."

इतका वेळ ती मला तुम्ही म्हणत होती.

मी घास उचलला. बिरदेवनं भिंतीकडं बघत तोंड उघडलं. मी घास आत सरकवला आणि त्यानं दात मिटले, माझ्या दोन बोटांसकट. समोरचे दात गेले होते, त्यानं दाढांत धरली होती. हाडाला दात लागल्याचं मला कळलं. मी ओरडलो, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. माझं रक्त बिरदेवच्या हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळलं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि तो सोडत नव्हता. कुशाबाई मधे पडली नाही. मीही हात ओढला नाही.

किती वेळानं त्यानं आपण होऊन सोडलं. तोंडातला घास चावून गिळला आणि परत तोंड उघडलं.

मी डाव्या हातानं दुसरा घास उचलला.