बुजवलेली चीर

मित्रांनो, कारंजा घाडग्याजवळ हायवेला लागून एक ढाबा आहे. तिथे दारातच, विटांच्या ओट्यात गळ्यापर्यंत पुरलेला जो म्हातारा दिसतो, तो मी. भैयाजींचा तंदूर. वय विचाराल तर विशीच्या पुढे. आमच्यात एवढं कोणी टिकत नाही, त्यामुळे थोडा मिजासखोर झालो आहे. तेवढं सांभाळून घ्या.

मला तानबा कुंभारांनी घडवलं. चिकण मातीत शेळीचे केस आणि बारीक भुसा घालून त्यांनी ती आठ दिवस पायांनी तुडवली. मी ओला होतो तेव्हाच ते मला म्हणाले, "लेका, तुले जनमभर जळाचं हाये. लवकर तडकू नको." मी त्यांचं बरंचसं ऐकलं. पहिल्याच उन्हाळ्यात तोंडाच्या काठाला बोटभर चीर तेवढी गेली, पण तिच्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

माझ्यापुढे उभे राहायचे ते बाबाराव. पहिल्या दिवसापासून तेच. मे महिन्यात हायवेचं डांबर पाघळायचं आणि हा माणूस डोक्यावर ओला पंचा टाकून दिवसाला पाचशे वेळा माझ्या पोटात हात घालायचा. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एकही केस उरला नव्हता. शेजारी त्यांची बायको जिजाबाई कणकेचे गोळे करून देत बसायची. ट्रकवाले म्हणायचे, "काय रोटी हाये भाऊ!" ती शाबासकी गल्ल्यावर बसलेले भैयाजी घ्यायचे आणि थोडी मी. बाबारावांच्या वाट्याला आमच्या दोघांचा उरलेला धूर यायचा.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी कोळसे पेटवताना बाबाराव माझ्या तोंडाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "मले तुह्या पोटात निस्तं लाल धुकं दिसून राह्यलं बाप्पा."

गावात डोळ्यांचं शिबिर लागलं होतं. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशन करून घ्या, पण त्यानंतर आगीपुढे उभं राहायचं नाही, असंही बजावलं. परत आल्यावर बाबाराव जिजाबाईला म्हणाले, "आगीपुढं नाई उभा राहू तं कुठं उभा राहू?" समृद्धीचा रस्ता झाल्यापासून बरेच ट्रक तिकडून जाऊ लागले होते. ढाब्यावरच्या चारांपैकी दोघांना भैयाजींनी आधीच घरी बसवलं होतं. छप्पन्न वर्षांच्या, डोळे गेलेल्या माणसाला कोण ठेवणार? तेव्हा दोघांनी ठरवलं, कोणाला सांगायचं नाही. दुखणं अंगावर काढायचं.

मग त्यांनी एक युक्ती काढली. बोट पाण्यात बुडवून ते माझ्या काठावर फिरवायचे. बोटाला चीर लागली की तिथून पहिली रोटी. मग हाताच्या अंदाजाने एकेक पुढे. बारा झाल्या की फेरा पुरा. काढायच्याही त्याच क्रमाने. भाजल्याचा वास नाकाला कळायचा, आणि कधी चुकलंच तर जिजाबाई गोळा वळता वळता पुटपुटायची, "काढा." चार वर्षं एकही रोटी करपली नाही. माझ्या अंगावरचं ते एक व्यंग, पण त्या माणसाचे डोळे तिथे होते. मला त्या चिरेचा कोण अभिमान वाटायचा!

यंदा थंडीत त्यांच्या लेकीच्या, मोनालीच्या मुलाचं बारसं निघालं. दोघंही दोन दिवस पिपरी मेघेला गेली. ढाबा रिकामा पाहून भैयाजी माझ्याजवळ आले, आत डोकावले. भला माणूस आहे हो, वाईट नाही. म्हणाले, "कोळसा लय खाऊन राह्यला हा. एवढी चीर बुजवून टाकू. बाबाराव खूश होतील."

त्यांनी माणूस आणला. माती, मीठ, गुळाचं पाणी यांचा लगदा करून त्याने माझा सगळा काठ लिंपला. चीर गेली. काठही दोन बोटं जाड झाला. मित्रांनो, मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड आहे ते फक्त आग ओकायला.

तिसऱ्या दिवशी बाबाराव आले. मी तापल्यावर त्यांचं ओलं बोट काठावर फिरलं. एकदा फिरलं, पुन्हा फिरलं. जिजाबाईचा गोळा हातातच राहिला. नेमकी त्याच वेळी लग्नाच्या वऱ्हाडाची बस दारात थांबली आणि भैयाजी ओरडले, "बाबाराव, चाळीस रोट्या!"

त्यांनी अंदाजाने लावायला सुरुवात केली. पाचवी पहिलीवर बसली. दोन निखाऱ्यांत पडल्या, धूर झाला. त्या काढायला ते घाईने वाकले आणि जाड काठावर त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत चिकटला. वीस वर्षं ज्या हाताने मला राखलं, तोच हात मी भाजला. मला लगेच थंड होता येत नाही हो.

भैयाजी धावले. हातावर पाणी ओतलं, मग बाबारावांच्या डोळ्यांपुढे आपला पंजा हलवून पाहिला. पापणी लवली नाही.

"काऊन सांगितलं नाई मले?"

"सांगितलं असतं तं ठेवलं असतं काय, भैयाजी?"

भैयाजींनी माझ्या लिंपलेल्या काठाकडे पाहिलं. म्हणाले, "मी तं तुमच्याचसाठी बुजवली होती ती चीर."

आता ढाब्यावर नवा कारागीर आहे. त्याचे डोळे चांगले आहेत. अजून तरी. जिजाबाई मात्र येते, घरात कोणीतरी कमावलं पाहिजे. सकाळी कोणी नसताना ती माझ्याशी बोलते. बाबारावांचं ऑपरेशन वर्ध्याला झालं, हातही भरून आला. "दिसते आता त्यायले समदं," ती म्हणते, "पन काम कोनी देत नाई. दारात बसून हवेतच हात फिरवत राह्यते. बारा झाल्या का थांबते."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी 'आमची निगा राखा' असं सांगायची रीत आहे. माझी निगा राखली, त्याचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे खरं. पण कधी ढाब्यावर गरम रोटी पुढ्यात आली, तर ती लावणाऱ्याच्या डोळ्यांकडे एकदा बघा. त्याला विचारा, बरं आहे ना. तो 'बरं आहे' म्हणेल. तरी पुन्हा विचारा.

परवा सकाळी मी तापत असताना माझ्या काठात टक् असा आवाज झाला. लिंपण सुटलं. जुनी चीर जिथे होती, तिथेच उघडली. जिजाबाईने पाहिलं, बोट पाण्यात बुडवलं आणि तिच्यावर ठेवलं.

"आता काऊन पडली रे बाप्पा?" ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून गोळे करायला बसली.